व्हायोलिनच्या पोटात काय लिहिलंय, ते आधी दाखवा

एकोणिसाव्या शतकातला पॅरिसचा व्हायोलिन-कारागीर जाँ-बाप्तिस्त व्हुइयोम याचं व्हायोलिन ओळखायचं असेल, तर एफ-होलमधून, म्हणजे वाद्यावरच्या ‘f’ आकाराच्या छिद्रातून, दिसणाऱ्या लेबलावर विसंबून चालत नाही. लेबलावर इटलीतल्या क्रेमोना गावच्या जुन्या उस्तादाचं, स्त्रादिवारीचं, नाव छापलेलं असू शकतं आणि वाद्य तरीही व्हुइयोमचंच असतं. त्याच्या खुणा वेगळ्या आहेत. पाठीच्या फळीवर आतून, साधारण मधोमध, अनुक्रमांक लिहिलेला असतो. वर मानेकडच्या बाजूला सहीच्या वळणदार फर्राट्यात सालाचे शेवटचे दोन आकडे असतात. जेमतेम 1 सें.मी. लांबीचा, डाग देऊन उमटवलेला शिक्का असतो. टॉपच्या, म्हणजे वरच्या फळीच्या, मधल्या सांध्यावर, तारा पेलणाऱ्या ब्रिजच्या खाली, बहुधा एक काळा ठिपका सापडतो. टॉपच्या वरच्या कडेपासून एफ-होलच्या आतल्या खाचेपर्यंतचं अंतर, ज्याला कारागीर ‘स्टॉप’ म्हणतात, ते आज सर्वसाधारण 195 मि.मी. धरतात. व्हुइयोमकडे ते 193 भरतं. ही जुनी फ्रेंच रीत.

म्हणजे स्त्रादिवारीचं रूप हुबेहूब उभं करणाऱ्या या माणसाने आपला क्रमांक आणि वर्ष नेमाने नोंदवून ठेवलं. पण नोंदवलं अशा जागी, की गिऱ्हाइकाच्या नजरेला लेबल आधी पडावं आणि खरी नोंद आरसा नि दिवा घेऊन बसणाऱ्यालाच सापडावी. नक्कल करणं हा दोष आहे असं मी मानत नाही. उलट व्हायोलिन बनवण्याची विद्या नक्कल करूनच शिकता येते, आणि व्हुइयोम त्या विद्येतला फार मोठा माणूस होता. दोष आहे माहिती झाकण्यात. आजच्या व्हायोलिन बाजारात ती झाकायला जी मोकळीक आहे ती बंद झाली पाहिजे, एवढंच मला सांगायचं आहे.

व्हुइयोम 7 ऑक्टोबर 1798 रोजी मिरकूरला जन्मला. फ्रान्सच्या ईशान्येकडच्या व्होज भागातलं हे गाव पिढ्यान्‌पिढ्या व्हायोलिनं बनवत आलेलं. वडील कारागीर, भाऊही त्याच धंद्यात. विसाव्या वर्षी, 1818 मध्ये, तो पॅरिसला फ्रांस्वा शानोकडे कामाला लागला. शानो मूळचा नौदलाचा इंजिनिअर. त्याने कोपरे नसलेलं, गिटारसारख्या कमरेचं व्हायोलिन काढलं होतं. विद्वानांनी वाखाणलं, वादकांनी हात लावला नाही. 1821 मध्ये व्हुइयोम सिमाँ लेतेच्या कारखान्यात गेला, 1825 मध्ये त्याचा भागीदार झाला आणि 1828 मध्ये क्रुआ-दे-पेती-शाँ रस्त्यावर 46 क्रमांकात त्याने स्वतःची पेढी थाटली. याच सुमारास त्याने जुन्या इटालियन वाद्यांच्या नकला करायला सुरुवात केली, कारण वादकांना नवं काही नको होतं, क्रेमोनाचंच हवं होतं.

नवं काढायची ताकद त्याच्यात नव्हती असं मात्र कुणी म्हणू नये. साडेतीन मीटरच्या आसपास उंचीचा, तीन तारांचा, दट्ट्या आणि पायट्यांनी वाजवायचा ऑक्टोबास त्याचाच. 1851 च्या लंडनच्या महाप्रदर्शनात त्याला मोठा मान मिळाला. पोकळ पोलादी गज त्याने काढला, वादकाला घरच्या घरी केस बदलता येतील असा गज काढला, रुंद अंगाचा कॉन्ट्राल्टो व्हायोला काढला. यातलं आज रोजच्या वापरात काही नाही. वापरात आहेत ती स्त्रादिवारी आणि क्रेमोनाचाच दुसरा उस्ताद ग्वार्नेरी यांच्या नमुन्यांवरची त्याची व्हायोलिनं. हिलरी हानसारखी पहिल्या फळीची वादक वर्षानुवर्षं 1864 चं व्हुइयोम घेऊन मंचावर उभी राहते. दीडशे वर्षांनंतर मोठ्या सभागृहात शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारं वाद्य ‘केवळ नक्कल’ म्हणून बाजूला सारणाऱ्यांनी नक्कल कशी होते हे एकदा समजून घ्यावं.

क्रेमोनाचे कारागीर आतल्या साच्याभोवती कडेच्या पट्ट्या वळवत. फ्रेंचांनी बाहेरचा साचा घेतला. जाड फळीत वाद्याच्या आकाराची पोकळी कोरायची, 1 मि.मी.च्या आसपास जाडीच्या मेपलच्या पट्ट्या ओलसर करून तापलेल्या लोखंडावर वाकवायच्या, आणि आतून ठोकळे लावून साच्याच्या भिंतीला दाबून बसवायच्या. याने दोन गोष्टी साधतात. बाह्यरेषा दरवेळी तीच निघते, आणि काम वाटून देता येतं. व्हुइयोमकडे हेच झालं. सिल्व्हेस्त्र, देराझे, मोकोतेल, बार्बे असे पुढे स्वतः नावारूपाला आलेले कारागीर त्याच्या हाताखाली राबले. गज बनवायला पेकात, सिमाँ, व्हुआरँ होते. 3,000 हून अधिक वाद्यं त्या पेढीतून बाहेर पडली, ती एकट्या माणसाच्या हातून होणं शक्यच नव्हतं.

पण बाहेरच्या साच्याची एक खोड आहे: वाद्य नको तितकं सारखं निघतं. खऱ्या क्रेमोना वाद्यात डावा आणि उजवा कोपरा केसभर वेगळा असतो, दोन एफ-होल एका उंचीवर नसतात, स्क्रोलची, म्हणजे मानेच्या टोकाच्या वळणदार शंखाची, एक बाजू दुसरीपेक्षा खोल गेलेली असते. साचा हे सगळं सपाट करतो. म्हणून नक्कल करणाऱ्याला मूळ कारागिराचा हात कुठे वळला, कुठे घाईत होता, हे वाचून ते वेगळेपण पुन्हा हाताने आणावं लागतं.

त्याहून अवघड भाग जाडीचा. समजा मूळ व्हायोलिनचा टॉप मध्यभागी 3 मि.मी. आणि कडेला 2.5 आहे. तीच मापं आपल्या स्प्रूसवर (टॉपसाठी वापरतात ते सूचिपर्णी झाडाचं लाकूड) उतरवली की काम झालं, असं नवशिक्याला वाटतं. स्प्रूसची घनता एका झाडापासून दुसऱ्यापर्यंत दर घन सें.मी.ला 0.36 ते 0.45 ग्रॅम इतकी बदलू शकते. माप तेच ठेवलं तरी फळी पाव पटीने जड होते. असं वाद्य दबकं बोलतं, सर्वांत खालच्या स्वराची ‘जी’ (G) तार मोकळी बोलत नाही, आणि वादकाला गज दाबून ओढावा लागतो. उलट हलक्या, लवचिक लाकडावर मापापेक्षा पातळ गेलं तर पहिली दोन वर्षं आवाज मोठा वाटतो. मग बास बारच्या (टॉपला आतून चिकटवलेल्या लांब पट्टीच्या) बाजूला टॉप खचायला लागतो, साउंड पोस्टच्या (टॉप आणि पाठीमधल्या उभ्या काडीच्या) बाजूला वर उचलला जातो आणि स्वर पोकळ होत जातो. आणखी एक फसगत आहे. अनेक जुन्या इटालियन वाद्यांचा टॉप पुढच्या दुरुस्तीवाल्यांनी आतून तासून पातळ केलेला आहे. अशा वाद्याची मापं डोळे मिटून उतरवणारा कारागीर स्त्रादिवारीची नव्हे, त्या अनाम दुरुस्तीवाल्याची नक्कल करत असतो. विख्यात व्हायोलिनवादक पागानिनीचं 1743 चं ‘कानोने’ हे ग्वार्नेरी देल जेझूचं व्हायोलिन यातून वाचलं आणि जाडच राहिलं. व्हुइयोमने 1830 च्या दशकात त्याची नक्कल केली. पागानिनीने ती आपला शिष्य सिव्होरीला दिली. दोन्हींतला फरक खुद्द पागानिनीला कळेना, ही कथा सगळे सांगतात. तिचा आधार मला नको आहे, वाद्य पुरेसं आहे.

जाडीचं हे कोडं व्हुइयोमने अंदाजाने सोडवलं नाही. भौतिकशास्त्रज्ञ फेलिक्स सावारला त्याने अस्सल स्त्रादिवारी आणि ग्वार्नेरी वाद्यं प्रयोगासाठी दिली. सुट्या फळ्यांचा स्वर मोजल्यावर सावारला दिसलं, की चांगल्या वाद्यांत पाठीचा स्वर टॉपच्या स्वरापेक्षा अर्ध्या ते एका पूर्ण स्वराने चढा असतो. याचा उपयोग थेट कामाच्या टेबलावर आहे. दोन बोटांत फळी धरून टिचकी मारायची, स्वर ऐकायचा, स्क्रॅपरने थोडं लाकूड काढायचं, पुन्हा ऐकायचं. माप हे सुरुवातीचं ठिकाण, थांबायचं कुठे ते लाकूड सांगतं. माझ्या मते, ज्या माणसाने नक्कल करता करता हा अभ्यास उभा केला त्याला नुसता ‘कॉपी करणारा’ म्हणणं अन्याय आहे.

व्हुइयोमवरचा खरा आक्षेप दुसरीकडे आहे, आणि तो मला मान्य आहे. त्याने नव्या वाद्याला जुनं दिसायला लावलं. जुन्या व्हायोलिनचं व्हार्निश कुठे उडतं हे ठरलेलं असतं. पाठीवर खांद्याला घासणारा भाग, टॉपवर हनुवटीची जागा, डावा तळवा टेकतो तो उजव्या हाताकडचा वरचा फुगवटा, कोपऱ्यांची टोकं. त्या जागी नवं व्हार्निश घासून उतरवायचं, उघड्या लाकडात काळपट रंग भरायचा, मधूनमधून ओरखडे द्यायचे. त्याच्या पेढीत हे फार कौशल्याने होई. नाटकाच्या वेशभूषेसारखं हे समजून घेतलं तर त्यात वाईट काही नाही. वाईट तेव्हा होतं, जेव्हा आतलं लेबलही जुन्या उस्तादाचं असतं आणि नव्या कारागिराचा पत्ता फक्त पोटात लपलेला असतो. त्यातही लाकूड भट्टीत भाजून किंवा रसायनाने काळवंडून जुनं करणं ही त्या काळच्या फ्रेंच कारागिरांची आणखी एक युक्ती. व्हुइयोमच्या काही वाद्यांवरही हा आरोप होतो. भाजलेलं लाकूड वजनाला हलकं होतं आणि तात्पुरतं बरं वाजतं, पण त्याच्या तंतूंतला चिवटपणा जातो. साउंड पोस्टच्या जागी अशा फळीला तडा गेला की दुरुस्तीही धड टिकत नाही, कारण तड्याच्या कडा सरस धरून ठेवण्याआधीच चुरतात.

व्हुइयोमच्या हयातीतच मिरकूरच्या कारखान्यांनी या रूपाचा घाऊक माल केला. त्याचा भाऊ निकोला मिरकूरहून त्याच्यासाठी ‘सँत सेसिल’ आणि ‘स्तेंतोर’ नावाची स्वस्त व्हायोलिनं पाठवत असे. ती निदान वेगळ्या नावाने विकली जात. जेरोम तिबूव्हील-लामीसारख्या कारखान्यांनी आणि जर्मनीतल्या मार्कनॉयकिर्शनच्या व्यापाऱ्यांनी पुढे जगभर स्त्रादिवारीच्या छापील लेबलांची व्हायोलिनं पाठवली. त्यातलीच आपल्याकडे गोव्यातल्या घरांत, मुंबईच्या जुन्या वादकांच्या कपाटांत निघतात. ‘अँतोनियुस स्त्रादिवारियुस क्रेमोनेन्सिस फाचिएबात आन्नो 17..’ (क्रेमोनाच्या स्त्रादिवारीने 17.. साली बनवलं) एवढं वाचून घरातले हरखून जातात. फ्रेंच लेबलांवर कधी आधी ‘कोपी द’, म्हणजे ‘अमक्याची नक्कल’, असं छापलेलं असतं, तो प्रामाणिकपणाच म्हणायचा. खाली इंग्रजीत देशाचं नाव असेल तर वाद्य बहुधा 1891 नंतरचं, कारण अमेरिकेने त्या वर्षापासून आयात मालावर देशाचं नाव छापणं सक्तीचं केलं. अशा वाद्याला किंमत नाही असं नाही. लाकूड चांगलं असेल, मान सरळ असेल, तर ते विद्यार्थ्याला आयुष्यभर पुरतं. पण लेबलावर भाव ठरवून ते विकलं जातं तेव्हा गरीब घरच्या मुलाचे पैसे बुडतात, आणि हे मला मोठ्या लिलावांतल्या फसवणुकीपेक्षा जास्त लागतं.

मोठ्या व्यवहारांतही पाया तोच आहे. मिलानचा जुन्या वाद्यांचा व्यापारी लुइजी तारिझिओ 1854 मध्ये वारला. बातमी कळताच व्हुइयोमने इटली गाठली आणि त्याच्या वारसांकडून सुमारे 144 वाद्यं 80,000 फ्रँकच्या आसपास रकमेत विकत घेतली. त्यांत दोन डझन स्त्रादिवारी होती, आणि त्यांत 1716 चं ‘मेसाया’. ते त्याने मरेपर्यंत, म्हणजे 1875 पर्यंत, विकलं नाही. नंतर ते जावई देल्फँ आलारकडे गेलं, 1890 मध्ये लंडनच्या हिल पेढीमार्फत 2,000 पौंडांना विकलं गेलं आणि शेवटी ऑक्सफर्डच्या ॲशमोलिअन म्युझियममध्ये पोचलं. जवळपास न वाजवलेलं, न झिजलेलं. ते तसंच राहावं हे मला पटतं. स्त्रादिवारीचं काम मुळात कसं दिसत होतं हे पाहायला एक तरी वाद्य हवं.

पण याच वाद्याबद्दल 1990 च्या दशकाच्या अखेरीस उघड शंका निघाली: हे इतकं ताजं दिसतं, मग ते व्हुइयोमनेच तर बनवलं नसेल? शंका बाष्कळ नव्हती. वाद्य ज्याच्या हातून आलं तो त्या शतकातला सर्वांत तरबेज नक्कलकार होता. तिचं उत्तर दिलं टॉपवरच्या वर्षकड्यांनी. स्प्रूसच्या प्रत्येक रेषेची रुंदी मोजून ती आल्प्सच्या झाडांच्या आणि इतर वाद्यांच्या नोंदींशी जुळवली, तेव्हा कडी 1577 ते 1687 या वर्षांची निघाली. 1716 शी हे नीट जुळतं. या पद्धतीची मर्यादाही सांगितली पाहिजे. शेवटचं कडं फक्त एवढंच सांगतं, की झाड त्याआधी तोडलेलं नाही. स्त्रादिवारीच्या मृत्यूनंतरचं, समजा 1790 चं, कडं सापडलं असतं तर दावा तिथेच संपला असता. पण 1687 चं कडं एकट्याने स्त्रादिवारी सिद्ध करत नाही, कारण जुनं लाकूड नंतरचा कारागीरही वापरू शकतो. म्हणून हत्यारांच्या खुणा, आतले ठोकळे, व्हार्निश हे सगळं सोबत पाहावं लागतं. इथे जमेची गोष्ट ही, की मोजमापं छापली गेली आणि विरोधकांना ती तपासता आली. खासगी तिजोरीतल्या वाद्याच्या बाबतीत असं सहसा होत नाही.

नावाची किंमत किती आहे ते ‘लेडी ब्लंट’ या 1721 च्या स्त्रादिवारीवरून दिसतं. 1864 मध्ये व्हुइयोमच्या हातून ते लेडी ॲन ब्लंटला 260 पौंडांना गेलं. 2011 मध्ये जपानच्या भूकंपग्रस्तांसाठी झालेल्या लिलावात त्याला सुमारे 1 कोटी 59 लाख डॉलर आले. हा भाव आवाजाचा नाही. संशोधक क्लोडिया फ्रिट्झ आणि व्हायोलिन-कारागीर जोसेफ कर्टिन यांनी 2010 मध्ये अमेरिकेत इंडियानापोलिसला 21 वादकांना डोळ्यांवर गडद गॉगल लावून तीन नवी आणि तीन जुनी इटालियन व्हायोलिनं वाजवायला दिली. बहुतेकांनी पसंत केलं ते नवं. 2012 मध्ये पॅरिसजवळ व्हँसेनला 10 एकल वादकांपुढे सहा नवी आणि सहा जुनी ठेवली. सहा जणांनी नवं निवडलं. नमुना लहान आहे, आणि नवं नेहमीच सरस असतं असं यातून निघत नाही. मात्र नाव कानाने ओळखता येत नाही हे नक्की निघतं. मग कोट्यवधी रुपये ज्या नावासाठी मोजले जातात ते नाव कागदावर आणि लाकडावर सिद्ध करणं विक्रेत्याचं कर्तव्यच ठरतं.

आज जुन्या वाद्याचं प्रमाणपत्र बहुधा व्यापारीच देतो, आणि वाद्य विकलं की टक्केवारीही त्यालाच मिळते. किंमत दुप्पट तर कमाई दुप्पट. अशा माणसाला ‘हे कुणाचं?’ असं विचारणंच चुकीचं आहे, मग तो कितीही सज्जन असो. प्रमाणपत्र देणारा विक्रीत नसावा आणि त्याची फी ठरीव असावी, वाद्याच्या भावाशी बांधलेली नसावी. कागदात नुसतं नाव आणि दोन सुंदर फोटो चालणार नाहीत. तारा खालच्या टोकाला जिथे अडकवतात त्या टेलपीसचा खिळा बसतो ते भोक 8 मि.मी.च्या आसपास असतं. तो खिळा काढला की पातळ एन्डोस्कोप आत जातो आणि पाठीचा मधला भाग, वरचा ठोकळा, बास बार, जुने जोड सगळं दिसतं. ते फोटो सोबत जोडावेत. पाठीच्या आत एखादी जागा खरवडलेली, आजूबाजूपेक्षा फिकी दिसली, तर तिथे काहीतरी होतं हे लिहावं. व्हुइयोमचा क्रमांक खरवडून इटालियन नाव चढवायचं तर हात तिथेच घालावा लागतो. अतिनील दिव्याखाली जुनं व्हार्निश आणि नंतरचं रंगकाम वेगवेगळं चमकतं, तेही जोडावं. जुन्या वाद्यांना पुढे नवी मान जोडत; स्क्रोलच्या गालावर त्या जोडाची रेषा असेल तर ती खरी की सुईने ओढलेली, ते स्पष्ट करावं, कारण स्वस्त मालावर खोटी रेषा ओढण्याची पद्धत होती. लेबल मूळचं की नंतर डकवलेलं, याला वेगळी ओळ हवी. वर्षकड्यांची तपासणी महाग वाद्यांपुरती ठेवली तरी चालेल, पण तिथे ती सक्तीची हवी.

व्यापारी म्हणतील, यातलं बरंच अनुभवी डोळ्याला कळतंच. कळतं, हे खरं आहे. मी त्या डोळ्याचा अनादर करत नाही. पण तो डोळा चुकला तर दुसऱ्याला तपासता यावं असं काही मागे राहत नाही, आणि ते राहावं एवढीच मागणी आहे. छोट्या गिऱ्हाइकाला खर्च परवडणार नाही, हा दुसरा मुद्दा. एन्डोस्कोप आज मोबाइलला जोडता येतो आणि गावातल्या दुरुस्तीवाल्यालाही तो सहज घेता येईल. शिकणाऱ्या मुलाच्या व्हायोलिनसाठी तेवढी पाहणी पुरेशी आहे.

संगीतशाळांनी आणि वाद्य उधार देणाऱ्या न्यासांनीही जुन्या नावांच्या मागे धावणं कमी करून आजच्या चांगल्या कारागिरांकडून उघड नकला करून घ्याव्यात. व्हुइयोमने तेच काम त्याच्या काळात 300 फ्रँकमध्ये करून दिलं होतं. फक्त आजच्या कारागिराने त्याच्यापेक्षा एक पाऊल पुढे जावं. कागदी लेबल सरसाने चिकटवलेलं असतं आणि ओल्या फडक्याने पाच मिनिटांत सुटतं, त्यामुळे नाव त्याच्यावर सोपवू नये. मूळ उस्तादाचा नमुना आणि स्वतःचं पूर्ण नाव, गाव, साल हे एकाच लेबलावर छापावं, आणि तेच नाव डागून दोन ठिकाणी लाकडावर उमटवावं: पाठीच्या आत एफ-होलमधून सरळ दिसेल अशा जागी, आणि मानेखालच्या वरच्या ठोकळ्यावर. दुसरा शिक्का टॉप चिकटवण्याआधीच मारावा लागतो, म्हणून पुढे कुणाला तो खोडायचा झाला तर आधी अख्खं वाद्य उघडावं लागेल.